साडेचौदा हातांचा घोडा

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघ्याला नवा पट्टा मानवला का? मामींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करते. (थांबला नसेल तर खोटं कळवू नका, मला काळजी चालते, अंधारात राहणं चालत नाही.) मी बरी आहे. तबेल्याच्या कचेरीतली नोकरी अजून आहे. ती कशी राहिली, हेच सांगायला बसले आहे.

इथे घोड्याची उंची हातांत मोजतात, जमिनीपासून मानेच्या मुळापर्यंत. एक हात म्हणजे चार इंच. आमचा तांबडा घोडा भरला अठ्ठावन्न इंच, आणि त्याच्या पाटीवर आधीच्या कारकुनाने लिहिलं होतं १४.२! मी भागाकार केला, उलटा गुणाकार करून पडताळला, आणि १४.५ असं रंगवून टाकलं. आपल्या घराण्यातलं पहिलं दशांशचिन्ह, मामा.

पाटीवरचा तोच आकडा स्पर्धेला कळवला गेला. तिथे १४.२ पर्यंतचे घोडे छोट्या गटात, त्यापुढचे मोठ्या. मालकीणबाईंचे जावई, जे खुर्चीवरूनही जपून उतरतात, ते तांबड्यासकट उंच अडथळ्यांच्या गटात गेले. पहिल्या अडथळ्यापाशी तांबडा थांबला. जावई थांबले नाहीत. (लागलं नाही, पलीकडे गवत होतं. पण टाळ्या पडल्या, त्या लागल्या.)

मग मी नियमांचं पुस्तक वाचलं. बिंदूनंतर लिहितात ते उरलेले इंच: चौदा हात आणि वर दोन इंच. दशांशाचा तिथे संबंधच नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त आमचं घोडं जागचंही हललं नव्हतं.

मी मालकीणबाईंपुढे उभी राहून सगळं कबूल केलं. त्यांना तबेला सासऱ्यांकडून मिळाला; घोड्यातलं रंगापलीकडे काही कळत नाही. त्यात घोड्यांना खाऊ घालणारा मोतद्दार आधीच सांगून बसला होता, "बाई, माझी चंदी अंगी लागली बघा! तीन इंच वाढला गडी!" (गडी अकरा वर्षांचा आहे.) मी म्हटलं, घोडा होता तेवढाच आहे, वाढली ती माझी चूक. त्या हसल्या. "अगं, शिकलेली माणसं अशीच. दुसऱ्याचं कौतुक होऊ द्यायचं आणि आपण मागे राहायचं." जावयांनीही दुजोरा दिला, एवढ्या उंच घोड्यावरून पडण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. एकूण माझा खरेपणा कुणालाच नको आहे. उलट त्यासाठीच मला आता नोकरीत कायम करणार आहेत.

आईला यातलं काही कळवू नका. ती शेजारणीला सांगते, माझ्या पोरीचा भागाकार चुकत नाही. तसा तो चुकलेला नाहीच.

तुमची,
झोप उडालेली भाची

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तांबड्याच्या ठाणाच्या दाराची चौकट तीन इंच वर घ्यायची म्हणून मालकीणबाई तुम्हाला बोलावणार आहेत (सुतार म्हणून तुमचं नाव मीच दिलं होतं). ते काम कृपया घेऊ नका. या, आणि त्यांच्यादेखत घोडा मोजा. तुमच्यावर त्यांचा विश्वास बसेल. तुम्ही शाळेत गेलेले नाही.

आणखी एक. कायम केल्याचा कागद शनिवारी हातात पडेल. मोजायला रविवारी या.