मैदानात किती माणसं मावतील

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज वर्ग सुटल्यावर तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुसरं कोणाला सांगणार? आपल्या वाशीमच्या अध्यापक विद्यालयात मी तुमच्याच टेबलाशी बसतो. गणित शिकवणारा एकटा मी उरलोय. यंदा नवे प्रवेश झालेच नाहीत. म्हणजे समोरची ही मूठभर मुलं शिक्षक होऊन गेली की वर्गाला कुलूप. प्राचार्यांनी सकाळी चहा पिता पिता सांगितलं, बस उशिरा येणार आहे असं सांगावं तसं.

आज मी त्यांना तुमचाच प्रश्न घातला: समोरच्या मैदानात किती माणसं मावतील? आमच्या वेळी मी टेप घेऊन धावलो होतो. लांबी गुणिले रुंदी, भागिले एका माणसाची जागा. उत्तर फळ्यावर लिहून ऐटीत उभा. तुम्ही सुपारी चघळत विचारता, "लोकं काय करून राह्यले तिथं?" मला कळतच नाही. मग तुम्ही आम्हाला भर उन्हात पंगतीला बसवता, माझ्या हिशोबाप्रमाणे अगदी खेटून, आणि स्वतः रिकामी बादली घेऊन वाढायला निघता. वाढप्याला वाट मी सोडलेलीच नसते. तुमचा पाय माझ्या मांडीवर पडतो. "एकच रीत येते तं पोराईले काय शिकवशीन?" हे बोलणं फार लागलं होतं.

ही मुलंही तेच करतात, फक्त मोबाइलवर. मी म्हटलं, समजा तिथे लग्नाचं जेवण आहे, आता दुसरी रीत. मग शेलूबाजारकडची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, मी मैदान मोजतच नाही. भायेर जिपा किती लागल्या ते पाहीन." एका जिपेत किती माणसं कोंबतात हे तिला रोजच्या येण्याजाण्याने पाठ. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा उष्ट्या पत्रावळी मोजू. मग वादच लागला: मोटारसायकलवाल्यांचं काय, न जेवता गेलेल्यांचं काय. सर, मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. खडू शोधायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

तेवढ्यात त्या जिपवाल्या मुलीने विचारलं, "तुमी कोणती रीत लावसान, सर?" मी तुमची पंगत सांगितली. माझी स्वतःची एकही रीत नव्हती. इतकी वर्षं मी सगळ्यांकडे दुसरी रीत मागत आलो, माझ्याकडे मात्र तुमच्यानंतर आजपर्यंत कोणी मागितलीच नव्हती.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक सांगून टाकतो. मुलं गेल्यावर रिकाम्या वर्गात मी फळ्यावर एक उदाहरण मुद्दाम चुकीचं सोडवलं, आणि कोणीतरी टोकेल म्हणून बराच वेळ तिथेच उभा राहिलो.