दोन वेळची धार

आत्याबाई, तुम्ही हयात होतात तोवर सासू म्हणून मी तुमच्याशी मोजकंच बोलले. आज बोलावंसं वाटतंय, तर ऐकायला तुम्ही नाही. लग्नानंतर आम्ही नवीन जालन्यात बिऱ्हाड केलं, तेव्हा टीव्ही घ्यायला तुम्ही मुद्दाम तीर्थपुरीहून आला होतात. तुमच्या मुलाला बँकेतून सुट्टी नव्हती, म्हणून आपण सासू-सुनाच दुकानात गेलो. मी बाहेरची पॉलिश बघत होते. तुम्ही सेटच्या मागे जाऊन त्याच्या पाठीवर तळहात ठेवलात आणि दुकानदाराला म्हणालात, "म्हैस घ्यायची म्हणलं तर आम्ही दोन टायमाची धार काढून पाह्यतो. ह्याला बी संध्याकाळपस्तोर चालू राहू द्या. आम्ही बसतो." आणि खरंच बसलात. तेव्हा दुपारी कार्यक्रम नसायचे, पडद्यावर नुसत्या मुंग्या, तरी तुमची नजर तिथंच. फडकं सोडून भाकरी-ठेचा खाल्लात, मलाही दिलात. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे बघतायत आणि मला वाटतंय, धरणीनं पोटात घ्यावं. थोड्या वेळानं तो सेट तापला, मुंग्याही गेल्या, पडदा काळा. दुसरा लावायला सांगितलात. तो दिवेलागणीपर्यंत नीट चालला, तोच आपण आणला.

घरी त्याला तुमचीच शिस्त. भिंतीला चिकटवायचा नाही, चालू असताना वर कापड नको. तुम्ही मुक्कामाला असलात की सिनेमा ऐन रंगात असताना उठून त्याच्या पाठीला हात लावायचात आणि "दमलाय" म्हणून बंद करायचात. पोरं चरफडायची. तुम्ही गेलात, पोरं मोठी झाली, तो चालतच होता.

शेवटी चित्र अगदी फिकं पडलं, आणि दुरुस्तीवाला म्हणाला की याच्या पडद्याची नळी आता कुठेच मिळत नाही. माझ्या मुलानं मला काचेच्या दारांच्या एका मोठ्या दुकानात नेलं. भिंतीवर पातळ टीव्ही टांगलेले. हा किती वर्षं टिकेल, असं मी विचारलं, तर विकणारा हसून म्हणाला, "मावशी, तेवढे दिवस ठेवतंय कोण आता?" माझ्या प्रश्नानं मुलगा ओशाळला. माझा हात सेटच्या मागे जायला निघाला होता, तो मी आवरला. मग आपलं हसं होऊ नये म्हणून मी त्यांना तुमची म्हशीची गोष्ट सांगितली. ठेच्यासकट, तुमचा आवाज काढून. सगळं दुकान हसलं, मुलगाही हसला. पहिला सेट काळा पडला होता आणि दुसऱ्यावर पोरं लहानाची मोठी झाली, हे मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं, तर कुणी हसलं नसतं.

त्या नव्या टीव्हीवर दुसरी दिवाळी यायच्या आत उभ्या रेघा आल्या. तो दुरुस्त होत नाही, नवाच घ्या म्हणतात. रेघांचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती त्या हसण्याची, कारण तेव्हा ते मला आवडलं होतं.

हे पत्र मी साडीच्या घडीत ठेवून देईन. तुमची गोष्ट आता मुलगा सांगतो, पाहुणे आले की, माझ्यासारखाच आवाज काढून. मी त्याला एकदाही थांबवलं नाही. परवा तो शेवटचं वाक्य विसरला आणि सगळे थांबले, तेव्हा "आम्ही बसतो" हे मीच म्हणाले.