फोटोतलं कोपर

रविवार संध्याकाळ, कात्रप

आज क्लबच्या मीटिंगमध्ये ठरलं, फुटबॉल स्पर्धेला सावंत सरांचं नाव द्यायचं. म्हणे आमची कप जिंकणारी टीम त्यांनीच घडवली. पुरावा काय, तर भिंतीवरचा फोटो. कप सावंतांच्या हातात. पण कडेला एक कोपर दिसतं, भाजल्याचा डाग असलेलं. ते म्हात्रे सरांचं. एमआयडीसीतली ड्युटी संपवून, केमिकलच्या वासासकट मैदानावर येऊन त्यांनीच आम्हाला घडवलं. सावंत शेवटच्या दोन महिन्यांपुरते आले.

"म्हात्रे सरांना फोटोतून कुणी कापलं?" मी विचारलं.

सेक्रेटरी म्हणाला, "सोड ना यार, जुनी गोष्ट आहे."

एवढी घाई कशाला? यानंच कापलं असणार. की मलाच उगाच संशय?

घरी येऊन अल्बम काढला. कापलेली पट्टी त्यातच निघाली. कोपर सोडून अख्खे म्हात्रे सर, हसताना. मग आठवलं. फ्रेम मीच आणली होती. लहान पडली, म्हणून कात्री लावली.