डेंजरचं मूळ

बाबा, आज बारावीच्या धड्यात 'डेंजर' आला. एरवी 'धोका' सांगून मी पुढे गेले असते. पण शब्दांची मुळं खणायची मला खोड आहे, म्हणून काल कोश उघडला होता. उघडला आणि तशीच बसून राहिले. तुम्ही वायरमन. एबीसीडी यायच्या आधी हा शब्द तुम्ही मला शिकवलात, विजेच्या खांबावरच्या कवटीच्या पत्र्यावरून, एकेका अक्षरावर बोट ठेवून. "ह्यो शब्द वाचलो काय हात मागे घेवचो," एवढंच तुमचं स्पष्टीकरण.

कोशात भलतंच निघालं. शब्द फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'धनी', 'मालक'. कुणाच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या सत्तेखाली असणं. त्याने मनात आणलं तर तो तुमचं वाटोळं करू शकेल, अशा जागी असणं. संकट हा अर्थ मागाहून चिकटला. मला लगेच आमचे बागायतदार आठवले, ज्यांना वाडी अजून खोतच म्हणते.

मे महिन्यातली ती दुपार. वाऱ्याने फणसाची फांदी पडून त्यांच्या कॅनिंगच्या कारखान्याची तार तुटलेली. आई कणकवलीला मावशीकडे. तुम्ही सबस्टेशनला फोन लावताय, कुणी उचलत नाही. खोत स्वतः आपल्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभे. "अरे, दोन मिनटाचा काम ता. माझो आंबो कुसतलो थंय." तुम्ही म्हणालात, "लाइन बंद केल्याचा कळल्याशिवाय मी खांबार चढूचंय नाय." स्पष्ट म्हणालात. मग ते माझ्याकडे वळले, "तुझ्या कॉलेजचा मी बघतंय मां गो?" आणि मी, तुमची शहाणी लेक, म्हटलं, "बाबा, ते दारात इलेत. नाय म्हणू नकात." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला नाहीत, तेच मला सोसत नाही. दोर खांद्यावर टाकून गेलात. तुम्ही वर असताना लाइन सुरू झाली. वर माणूस आहे हे तिकडे सबस्टेशनवर कुणाला ठाऊकच नव्हतं.

आठ दिवसांनी चौकशीला साहेब आले. खोत शेजारी खुर्चीवर. साहेबांनी विचारलं, यांना चढायला कुणी सांगितलं होतं का? मी म्हटलं, "माहीत नाही. मी घरात नव्हते." अगदी शुद्ध मराठीत म्हटलं हो! कागदावर आलं की मयताने परवानगी न घेता, स्वतःच्या बेफिकिरीने खांबावर चढून अपघात ओढवून घेतला. खोतांनी शब्द पाळला, मला प्रवेश मिळाला. त्या प्रवेशावर मी आज मॅडम आहे. वीस वर्षं सगळी वाडी तुम्हाला बेफिकीर म्हणते, आणि तुमच्याइतका सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वर्गात शब्दाचा हा जुना अर्थ सांगितला, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मालकाला कुणी नाही म्हणायचंच नाही का तेव्हा?" "म्हणायचे," मी म्हटलं आणि फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

आईला काही माहीत नाही. कागदावरचं तिने खरं धरलं. दिवा लावताना रोज तुमच्या फोटोशी भांडते, "कोणाचा म्हणून आयकलात नाय. घरात तरणी पोर आसा, तिचो तरी विचार करूचो होतो!" बाबा, तुम्ही तेवढाच केलात. आज सांगायचंच असं ठरवून घरी आले. सगळं तोंडात तयार होतं. ती म्हणाली, "जेव गो, जेवाण निवाता." मी पान घेतलं. बांगड्याची कढी झकास झाली होती. मी दोनदा भात मागून घेतला.