आईची मिश्रीची डबी

मंगळवार, संध्याकाळ. आटपाडी.

आईनं मिश्री सोडावी म्हणून महिनाभर मागे लागलेय. आठ दिवस डबी बंदही होती. आज सकाळी उठल्या उठल्या तंबाखूचे तोटे सांगायला बसले, तर तिनं नाकाला पदर लावला.

"लांबनं बोल गं बाय! तुझ्या दातांच्या त्या तारांत कालची भाकरी कुजलीया." आणि माझ्यासमोर डबी उघडून मिश्री लावली!

इतकी चिडले. पण ती खोटं काय बोलली? दातांच्या डॉक्टरांनी तारांसाठी दिलेला बारीक ब्रश मी रोज झोपताना टाळते. कंटाळा. घरातली पहिली पदवीधर म्हणे!

आत्ता जेवल्यावर तिच्यासमोर बसून एकेक तार घासली. हिरड्या ठणकताहेत. ती डबी मुठीत धरून बघत होती.

"सकाळी तुझ्या तोंडाचा वास घिती," म्हणाली, "मग डबीचं बघू."