दादाचा घोगरा आवाज

चिडक्या दादा,

"नकला करून पोट भरत नाही, माकडा," असं ओरडायचास ना? आता ऐक.

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत काम मागायला गेले. कोर्स पास आहे म्हटलं, तर मॅनेजर मान वर न करता म्हणाला, "जागा भरली, ताई." मी जिन्यात आले आणि तुझा घोगरा आवाज काढून त्यालाच फोन लावला. लगेच म्हणतो कसा, "या की उद्या! जागा रिकामीच आहे. नुसत्या पोरी येतायत, त्यांना कोण घेतंय?" मी सगळं रेकॉर्ड केलं.

कामगार ऑफिसातल्या मॅडम ते ऐकून आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "बाई म्हणून काम नाकारता येत नाही. तसा कायदाच आहे." त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं. तो घाम पुसत म्हणाला, "पण मॅडम, मी त्या माणसाला शब्द दिलाय!"

मी तुझ्या आवाजात म्हटलं, "हजर आहे, साहेब!"

सोमवारपासून कामावर जातेय. हे पत्र काही टाकत नाही, नाहीतर आवाजाचं भाडं मागशील. पण एवढ्या लांब असूनसुद्धा वेळेला धावून आलास, दादा.

तुझंच,
माकड