सहावा रकाना

कवठे महांकाळ,
१२ जून १९६५

चि. जाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वसतिगृहाच्या आमटीत डाळ शोधावी लागते म्हणतेस. शोध, तेवढाच डोळ्यांना व्यायाम.

आता मुद्द्याचं. तुमच्या शाळेला नर्स पाहिजे आहे. आमच्या दवाखान्यातला कंपौंडर धोंडिराम याने जाहिरात कापून आणली, मी अर्ज टाकला आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं. गोवरात तू फणफणली होतीस तेव्हा शाळेचं कार्ड मला नवव्या दिवशी मिळालं. ते नऊ दिवस मी इथे लोकांच्या पोरांच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. तेव्हापासून पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून दारात जाते. तुझे वडील असते तर निम्मी धास्ती त्यांच्यावर ढकलली असती.

एक गोष्ट मात्र मी केली आहे. फॉर्मच्या सहाव्या रकान्यात विचारलंय की शाळेत कुणी नातलग शिकतं का. धोंडिरामचं म्हणणं असं की आवं बाई, नातं दिसलं की अर्ज बाजूला काढत्यात. मी ‘नाही’ लिहिलं. माझ्या सर्टिफिकेटावर माहेरचं आडनाव आहे, तुझं वडिलांचं. प्रवेशाला मामा आले, सहीही त्यांचीच. मला तिथे कुणी पाहिलेलं नाही. शनिवारी २६ तारखेला येते. मी दिसले तरी ओळख दाखवू नकोस. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहिते.

केसांना तेल लावत जा. उवा झाल्या तर गाठ माझ्याशी आहे.

तुझ्या पत्रावर डोळे लावून बसलेली,
आई

सातारा,
१९ जून १९६५

ती. आईस सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. हे पत्र तपासलं जाणार आहे म्हणून अक्षर नीट काढलं आहे. तुझं पत्र मोठ्या बाईंनी स्वतः माझ्या हातात दिलं. एरवी त्या हसतात, तेव्हा हसल्या नाहीत.

मला एकच विचारायचं आहे. तू इथे आलीस तर मी तुला काय म्हणू? आधीच्या नर्सला सगळ्या नर्सबाई म्हणायच्या. मला तसं म्हणता येईल असं वाटत नाही.

डाळ अजून सापडलेली नाही.

तुझी आज्ञाधारक आणि लाडकी,
जाई

कवठे महांकाळ,
२८ जून १९६५

चि. जाईस अनेक आशीर्वाद.

एस.टी.तून उतरल्यापासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालते आहे. दोन वेळा दूध उतू गेलं.

मुलाखतीला बसलेल्या डॉक्टरांच्या प्रश्नांना मी धडाधड उत्तरं दिली. मग तुमच्या मोठ्या बाई म्हणाल्या की पट्टी बांधून दाखवा, सहावीतली एक मुलगी बोलावते. आणि तू आत आलीस. किती वाळलीस गं. तू भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभी राहिलीस, मी परक्या बाईसारखं तुझं नाव विचारलं अन् तू ते नीट सांगितलंस. डोक्याची पट्टी बांधली, गाठ मारली, आणि मग काय झालं कळलं नाही. तुझ्या गालांवरून हात फिरवून मी माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. अठरा वर्षांत कुण्या पेशंटची अशी दृष्ट काढली नाही. डॉक्टर, बाई आणि तू, तिघांनीही ऐकलं. बाई म्हणाल्या, की आता आपण जाऊ शकता.

नोकरी गेली तर गेली. पण माझ्या खोटेपणापायी तुला शाळेतून काढलं तर मी काय करू? तुला कुणी काही बोललं का? लगेच कळव. हे पत्र फाडून टाक.

तुझी अपराधी,
आई

सातारा,
५ जुलै १९६५

श्रीमती सुलाबाई यांस स. न. वि. वि.

वसतिगृहात येणारी व जाणारी सर्व पत्रे आम्ही उघडून वाचतो. हा नियम प्रवेशाच्या वेळी सांगितला जातो. आपल्या बंधूंनी तो आपल्या कानावर घातलेला दिसत नाही.

आपले १२ जूनचे पत्र मी वाचले होते. पट्टीसाठी जाईला मुद्दाम बोलावले ते मीच. खोटे कितपत निभते ते पाहायचे होते. आपल्याला ते निभावता आले नाही, म्हणूनच हे लिहीत आहे. नातलगांना घेऊ नये असा आमचा नियम नाही.

गोवराचे ते कार्ड टपालात पडण्यापूर्वी पाच दिवस माझ्या टेबलावर होते. तेव्हा चूक एकट्या आपली नाही.

फॉर्म सोबत परत पाठवीत आहे. सहावा रकाना खोडून खरे लिहावे, सही करावी व फॉर्म घेऊन १ ऑगस्टला रुजू व्हावे.

कळावे, लोभ आहेच.
मुख्याध्यापिका

कवठे महांकाळ,
९ जुलै १९६५

चि. जाईस अनेक आशीर्वाद.

‘नाही’ खोडलं आणि तुझं पूर्ण नाव लिहिलं. रकान्यात मावेना, समासात गेलं.

राजीनामा दिला. दवाखान्यातली बनुबाई विचारते की आता आमच्या लेकीसुनांकडं कोण बघायचं. जिवाला स्वस्थता कशी ती नाहीच.

मला काय म्हणायचं असं विचारलं होतंस, मी उत्तर टाळलं. आईच म्हण, रांगेत आणि सगळ्यांसमोर.

हे पत्र आधी मोठ्या बाई वाचतील, म्हणून त्यांना इथेच नमस्कार आणि एक विनंती. बाई, वाचून झालं की आजच तिच्या हाती द्यावं.

येतेच आहे,
आई